सहाच्या सहा हिरवे

माणूस आतून ठीक आहे की नाही हे भिंतीवर चुंबक सरकवून कळतं, असं आमच्या साहेबांच्या डोक्यात कुणी भरवलं देव जाणे. ज्याने भरवलं त्याला आमच्या खोलीत आणून एकदा आठ तास उभं करायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे. चुंबक मग त्याच्या हातात देऊ आणि म्हणू, सरकव बाबा तुला कुठे सरकवायचंय तिथे.

आमची खोली हॉस्पिटलच्या तळघरात. वर ऑपरेशनं होतात आणि त्यात वापरलेले चिमटे, कात्र्या, पकडी असं सगळं लिफ्टने खाली आमच्याकडे येतं. एका बाजूला ते धुतलं जातं. मधल्या लांब टेबलावर आम्ही ते तपासतो, यादीप्रमाणे मोजतो, ट्रेमध्ये लावतो, निळ्या कापडात बांधतो. मग ते वाफेच्या मशीनमध्ये जातं. प्रत्येक पुडक्यात एक कागदी पट्टी घालतो. वाफ आतपर्यंत पोचली तर पट्टी काळी होते. ती काळी झाली नसेल तर ट्रे वर जात नाही, मग मोठे सर्जन फोनवर कितीही आरडाओरडा करोत. बावीस वर्षांत माझ्या हातून एकही ट्रे कच्च्या पट्टीवर वर गेलेला नाही. मिरवायला सांगत नाही. पुढे मी जे करून ठेवलं ते ऐकताना तुम्हाला माहीत असावं, म्हणून सांगतेय.

साहेब आठ महिन्यांपूर्वी आले. चाळिशीच्या आतले, शर्टाला कडक इस्त्री, बोलणं मऊ. पहिल्या दिवशी आम्हाला उभं करून म्हणाले, "माझ्याशी मोकळं बोला." मग मोकळं वातावरण, मोकळी चर्चा, मन मोकळं करा. तिसऱ्या दिवशी वाफोबाने त्यांचं नाव मोकळेसाहेब ठेवलं. वाफोबा म्हणजे आमचा मशीन चालवणारा. त्याचं नाव मी ठेवलंय. आणि मोकळेसाहेब आल्यापासून जागा मात्र खरोखर मोकळ्या झाल्या. दोघं निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. सातांचे पाच उरलो: मी, वाफोबा, धुण्याकडच्या दोघी आणि बारकी. ट्रे तेवढेच, उलट चार जास्तच. साहेबांना विचारलं की म्हणायचे, "वर पाठपुरावा चालू आहे काकू, तोवर आपण एकमेकांना समजून घेऊ या." आता समजून घेऊन ट्रे बांधले जातात का, सांगा मला.

आणि मग आला बोर्ड.

कपडे बदलायच्या खोलीतून आत येताना दाराला लागून दिव्याचं बटण आहे, त्याच्याच खाली तो लावला. डावीकडे आमची नावं, सगळ्यात वर साहेबांचं. म्हणजे साहेबही आमच्यातलेच, असं. प्रत्येक नावापुढे चार चौकोन: पांढरा, लाल, पिवळा आणि शेवटी हिरवा. लाल म्हणजे 'मला बोलायचंय', पिवळा म्हणजे 'ठीक', हिरवा म्हणजे 'मी छान आहे'. प्रवास लालकडून हिरव्याकडे व्हायला हवा म्हणून हा क्रम, असं साहेबांनी पाऊण तास समजावलं. संध्याकाळी शेवटी जाणाऱ्याने सगळी चुंबकं पांढऱ्यात आणून ठेवायची, सकाळी ज्याने त्याने येऊन आपलं सरकवायचं. आठ वाजून दहा मिनिटांनी वाफोबाने बोर्डाचा फोटो काढून वर पाठवायचा. तिथे कुणीतरी तो कॉम्प्युटरमध्ये भरायचं आणि त्याचा आलेख निघायचा. आमच्या मनाचा आलेख.

पहिल्याच आठवड्यात वाफोबाने लालवर ठेवलं. त्याची दाढ ठणकत होती, दुसरं काही नाही. साहेबांनी त्याला वर बोलावून घेतलं, दार लावलं आणि एका छापील कागदावरून पंधरा प्रश्न विचारले. झोप लागते का, रडू येतं का, जगणं ओझं वाटतं का. तो म्हणाला, "साहेब, दाढ आहे." साहेब म्हणाले, "शरीर बोलतं तेव्हा मन काहीतरी सांगत असतं." आणि त्याच्या भल्यासाठी त्याला दोन आठवडे मशीनवरून काढून गोदामात कापसाचे बोळे करायला बसवलं. सतरा वर्षं मशीन चालवणारा माणूस. येणारा जाणारा डोकावून विचारायचा, काय रे, तुझ्या डोक्याचं काही झालंय म्हणे. पंधरा दिवस त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मशीनवर तेव्हा कोण होतं, विचारू नका. मीच होते, टेबल सांभाळून.

त्यानंतर लालकडे कुणी फिरकलं नाही. बरं, चुंबक पांढऱ्यातच राहिलं तर ते 'प्रतिसाद नाही' म्हणून मोजलं जायचं आणि साहेब विचारपूस करायला खाली यायचे, ऐन गर्दीच्या वेळी. म्हणून मग रीत पडून गेली. सकाळी पहिली मी येते, सहा चाळीसला. अंधारात दिव्याचं बटण चाचपताना तोच हात बोर्डावर डावीकडून उजवीकडे फिरवायचा. चुंबकं सरकत सरकत चौकटीला जाऊन थांबायची. सहाच्या सहा हिरवी. मग दिवा लावायचा आणि कामाला लागायचं. तीन सेकंदांचं काम. मला तर वाटायचं, पुण्य करतेय. सगळ्यांच्या मागची कटकट एका हाताने पुसतेय.

आता बारकीबद्दल सांगते. अंगाने काडी, म्हणून बारकी. वय तेहतीस-चौतीस, घरी आई आणि सात वर्षांची लेक, कमावणारी ही एकटी. टेबलावर माझ्या शेजारी बसायची. तिच्यासारखं मोजणारं माणूस मी पाहिलेलं नाही. बेचाळीस नगांचा ट्रे नुसती नजर फिरवून सांगायची, एक वाकडी कात्री कमी आहे. आणि असायचीच कमी. मी तिला चिडवायचे, "तुझ्या लग्नात अक्षता कमी पडल्या असतील तर तेही सांगशील." ती हसायची. तेव्हा हसायची.

तीन महिन्यांपूर्वी वरून थिएटरचा फोन आला. तुमच्या ट्रेमध्ये एक चिमटा कमी आहे. पेशंट टेबलावर, पोट उघडं, आणि चिमटा सापडेना. ट्रेवर सही बारकीची. पंचवीस मिनिटं सगळे कचऱ्याच्या पिशव्या उपसत होते, वर आणि खालीसुद्धा. बारकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. शेवटी चिमटा थिएटरमध्येच सापडला, त्यांच्याच चादरीच्या घडीत. म्हणजे ट्रे बरोबर होता. मोजणी बरोबर होती. वरून कुणी साधं 'सॉरी' म्हणालं नाही, ते सोडा.

पण मोकळेसाहेबांना ते सोडायचं नव्हतं. सोमवारच्या बैठकीत म्हणाले, "चूक ही शिकण्याची संधी असते. बारकीताई, तुम्हाला त्या वेळी काय वाटलं, मोकळं सांगा." ती उभी राहिली, दोन वाक्यं बोलली, खाली बसली. मी म्हटलं, साहेब, चूक तिची नव्हतीच. तर म्हणतात, "काकू, आपण दोष कुणाला देतच नाही आहोत, अनुभव वाटून घेतोय." पुढच्या सोमवारी वरचे दोन अधिकारी आले होते, तर त्यांच्यासमोर पुन्हा. तिसऱ्या सोमवारी दुसऱ्या विभागाच्या लोकांसमोर. तीन सोमवार त्या पोरीला उभं करून एकच गोष्ट सांगायला लावली. तिसऱ्या वेळी ती सांगता सांगता म्हणाली, "मी मोजलं होतं... बहुतेक मोजलं होतं." मी चमकून तिच्याकडे पाहिलं. या 'बहुतेक'वर खरं म्हणजे मी तिथल्या तिथे उठायला हवं होतं. उठले नाही. पुढे अठरा ट्रे पडले होते.

त्यानंतर ती दोनदा मोजायला लागली. मग तीनदा. मग बांधलेला ट्रे सोडून पुन्हा मोजायला लागली. सगळे घरी गेले तरी ही आपली टेबलाशी. डबा तसाच परत न्यायची. एकदा मला म्हणाली, "काकू, मी घरी चमचे मोजते. जेवण झाल्यावर. लेकीला हात लावू देत नाही." मी काय म्हटलं असेन? म्हटलं, "मनावर घेऊ नकोस गं, हात चालव, होईल सगळं ठीक." माझ्या आईने मला हेच सांगितलं, तिच्या आईने तिला. आमच्यात औषध म्हणून हेच देतात.

शेवटी एक दिवस तिचे हात इतके थरथरायला लागले की कात्री हातातून दोनदा पडली. मीच तिला ओढत वरच्या ओपीडीत नेलं. मनाच्या डॉक्टरीणबाईंनी तासभर बोलून कागदावर लिहून दिलं: सहा आठवडे पूर्ण विश्रांती, औषधं, उपचार. हॉस्पिटलमध्ये अशी रजा आहे. खास मनाच्या आजारासाठी. साहेबांनीच त्या रजेचं पत्रक आमच्या दारावर चिकटवलं होतं, हसऱ्या सूर्याचं चित्र काढून. मला वाटलं, चला, बोर्ड गेला खड्ड्यात, निदान हे तरी कामाला आलं.

बुधवारी उत्तर आलं. बारकीने कागद माझ्यापुढे धरला. मी चष्मा लावून वाचलं. एचआरने लिहिलं होतं: कर्मचाऱ्याच्या दैनंदिन नोंदींमध्ये मागील एकसष्ट कामाच्या दिवसांत सलग 'मी छान आहे' अशी नोंद असल्याने अर्जातील कारण नोंदींशी जुळत नाही. सबब अर्ज नामंजूर.

एकसष्ट दिवस. मी ते पुन्हा वाचलं. ते एकसष्ट हिरवे तिचे नव्हतेच. माझे होते.

"जाऊ दे काकू," बारकी म्हणाली आणि खिशातून दुसरा कागद काढला. राजीनामा. सुंदर अक्षरात लिहिला होता, एकही खाडाखोड नाही. "मला आता ट्रेला हात लावता येत नाही. उद्या माझ्या हातून खरंच काहीतरी राहील आणि कुणाच्या तरी पोटात जाईल. त्यापेक्षा हे बरं."

"आणि घर?"

"बघू."

त्या 'बघू'मध्ये काही नव्हतं. घरी आई, लेक, आणि ही म्हणे बघू. मी राजीनामा तिच्या हातातून काढून घेतला आणि माझ्या पर्समध्ये टाकला. म्हटलं, "शुक्रवारपर्यंत हा माझ्याकडे राहील. मध्ये कुणाला काही देऊ नकोस." तिने मान हलवली. वाद घालायचंही तिच्यात त्राण नव्हतं.

घरी आमच्या ह्यांना सांगितलं. ह्यांची सगळी हयात सरकारी टेबलामागे गेली, त्यामुळे नोंद म्हटलं की कान टवकारतात. म्हणाले, "खोटी नोंद केलीस हे लेखी कबूल करणार? निवृत्तीला तीन वर्षं राहिली तुझ्या. नसती उठाठेव कुणी सांगितली?"

"मग काय करू? तिला जाऊ देऊ?"

"तसं नाही म्हणत मी. दुसरा काही मार्ग बघ, असं म्हणतो."

"सांगा ना मग मार्ग."

ते बराच वेळ पेपर चाळत बसले. मार्ग काही पेपरात निघाला नाही. शेवटी म्हणाले, "अर्ज करशील तेव्हा दोन प्रती काढ, एकीवर पोच घे." हा त्यांचा होकार.

गुरुवारी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते स्क्रीनवर आलेख बघत होते. हिरवा, सपाट, एका रेषेत. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला. "या काकू. उद्या दुपारी संचालकांपुढे सादरीकरण आहे. पूर्ण हॉस्पिटलमध्ये आपला विभाग सगळ्यात हिरवा आहे, माहितीय? दोन माणसं कमी असूनही."

"साहेब, तो हिरवा मी आहे," मी म्हटलं.

"सगळ्यांचंच योगदान आहे."

"योगदान नाही हो, हात आहे. माझा हा उजवा हात. रोज सकाळी सहा चाळीसला मी सगळी चुंबकं हिरव्यात ढकलते. कुणीच आपलं आपण लावत नाही. वाफोबाला तुम्ही बोळे करायला बसवलंत तेव्हापासून."

त्यांना आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळत गेलं, तसे ते खुर्चीत मागे टेकले. आलेखाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी पण चार गोष्टी सुनावल्या असत्या. पण त्यांनी वेगळंच विचारलं.

"माझं पण?"

"काय तुमचं?"

"माझं चुंबक. बोर्डावर सगळ्यात वर आहे ते. ते पण तुम्हीच?"

"सहाच्या सहा, साहेब. तुम्ही नऊला येता. तुमचं कोण लावणार?"

त्यांनी डोळे चोळले. जवळून पाहिलं तर त्या कडक शर्टाच्या आतला माणूस चांगलाच ओढलेला दिसत होता. आठ महिन्यांत वजन उतरलं होतं, आणि हे मला आत्ता दिसत होतं. "मला वाटायचं," ते म्हणाले, "मीच कधीतरी लावून विसरलो असेन." मग जरा थांबून म्हणाले, "वरून दर आठवड्याला विचारतात. माणसं मागितली की म्हणतात, आलेख तर चांगला आहे, माणसं कशाला हवीत?"

मला त्यांची दया आली आणि त्याच क्षणी संतापही आला. म्हणजे आमच्या हिरव्यामुळेच माणसं मिळत नव्हती. मी सगळ्यांची कटकट पुसत होते म्हणे. मीच आमच्या पायांवर धोंडा पाडून घेत होते, तोही रोज, न चुकता, सगळ्यांच्या आधी येऊन.

"बारकीचा अर्ज त्या नोंदीवर नामंजूर झालाय," मी म्हटलं. "एचआरला आज सांगायला हवं."

"सांगू. नक्की सांगू. फक्त उद्याचं सादरीकरण होऊ दे. सोमवारी आपण शांतपणे..."

"सोमवारी ती नसेल, साहेब. राजीनामा लिहून झालाय तिचा."

"चारच दिवसांचा प्रश्न आहे काकू. माझीही बाजू समजून घ्या."

आठ महिने समजूनच घेत होते. मी उठले, जिना चढून थेट एचआरमध्ये गेले आणि दोन प्रती काढलेला कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. एकीवर पोच घेतली. बाईंनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं आणि शुक्रवारी अकराला सगळ्यांना बोलावलं.

शुक्रवारी त्या थंडगार खोलीत आम्ही चौघं. एचआरच्या बाई, मोकळेसाहेब, मी आणि बारकी. बारकी खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि टेबलावरची पेनं बघत होती. मोजत असणार. बाईंनी माझा कागद मोठ्याने वाचून दाखवला. ऐकताना माझेच कान गरम झाले. मग म्हणाल्या, "तुम्ही खोट्या नोंदी केल्यात, त्याचं काय करायचं ते नंतर पाहू. पण यावरून एवढंच ठरतं की नोंदी विश्वासार्ह नाहीत. यांची तब्येत बिघडली होती हे नोंदीवरून सिद्ध होत नाही." मग बारकीकडे वळल्या. "तुम्ही स्वतः एकदा तरी लाल लावलं होतं का? एकदा जरी लावलं असेल तर मला ते धरून चालता येईल."

मी कपाळाला हात लावला. कशी लावेल ती? मी कुणाला लावायला शिल्लकच कुठे ठेवलं होतं? बाई डॉक्टरच्या कागदाकडे बघायचं सोडून चुंबक शोधत होत्या.

"रोज," बारकी म्हणाली.

मला वाटलं, झालं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

"रोज म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"शेवटी मीच निघते ना. सगळ्यांची पांढऱ्यात आणते. माझं लालवर ठेवून जाते. तिसऱ्या सोमवारपासून. रोज."

"मग सकाळी कुणी पाहिलं का?"

बारकीने माझ्याकडे पाहिलं नाही. "काकू सगळ्यांच्या आधी येतात," म्हणाली.

माझ्या डोळ्यांपुढे माझाच हात आला, अंधारात डावीकडून उजवीकडे जाणारा. पाच पांढऱ्यातून आणि एक लालमधून. सगळी एकाच झटक्यात चौकटीला.

मग मोकळेसाहेब बोलले. आवाज नेहमीचा मऊ नव्हता, बसलेला होता. "बाई, मी आठ महिन्यांत एकदाही संध्याकाळी खाली गेलो नाही. गेलो असतो तर मला दिसलं असतं. अर्ज मंजूर करा, शिफारस मी लेखी देतो. आणि तिला तीनदा उभं मी केलं होतं, तेही त्यात लिहितो." बाई म्हणाल्या, आज दुपारी तुमचं सादरीकरण आहे. ते म्हणाले, "ते रद्द करतो. दाखवायला माझ्याकडे काही उरलं नाही." खरं सांगायचं तर आठ महिन्यांत त्यांचं हे पहिलं वाक्य मला पटलं.

सहा आठवडे मंजूर झाले. मला एक लेखी ताकीद मिळाली, ती मी दोन्ही हातांनी घेतली. तिचा राजीनामा माझ्या पर्समध्ये होता, तो मी बाहेर आल्यावर लिफ्टपाशी तिला परत दिला. तिने तो फाडला नाही, नुसता घडी करून ठेवला.

मला गप्प राहवेना. "अगं, आठ तास माझ्या शेजारी बसायचीस. तोंडाने सांगायचंस ना. त्या बोर्डावर कशाला?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "चमच्यांचं. तुम्ही म्हणालात, हात चालव."

"पण बोर्ड तर साहेबांसाठी होता."

"साहेबांसाठी नव्हतं लावलं. साहेब बघत नाहीत हे मला माहीत होतं." ती अगदी सावकाश बोलत होती, मला दुखू नये अशी काळजी घेत. "तुम्हाला दिसावं म्हणून लावायचे. सकाळी बघायचे तर तुम्ही हिरवं केलेलं असायचं. मला वाटायचं, काकूंनी बघितलं, आणि हे त्यांचं उत्तर आहे."

"काय उत्तर?"

"की गप बस. की सगळ्यांचंच असतं."

मी म्हटलं, "मी दिवा लावायच्या आधी सरकवायचे गं. मला रंग दिसतच नव्हते." बोलताना मला वाटत होतं की हा मोठा बचाव आहे. तोंडातून बाहेर पडल्यावर ऐकलं, तर तो बचाव नव्हता, तोच गुन्हा होता.

तिने मला दोन शब्द सुनावायला हवे होते. मी वाटच बघत होते, तेवढीच माझी सुटका झाली असती. पण ती म्हणाली, "बरं." लिफ्ट आली तशी आत गेली, आणि दार लागेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली, मी काही बोलेन म्हणून. बावीस वर्षं माझ्या तोंडाचा पट्टा या हॉस्पिटलमध्ये कुणाला बंद करता आला नव्हता. मला एक शब्द सुचला नाही.